एक अक्षर, एक टिंब

हिशोब मांडला तर थोरल्यांना मिळणार होतं ते एवढंच: एक अक्षर आणि एक टिंब.

पगार वाढणार नव्हता, कारण पगारच गुरुवारी संपणार होता. पेन्शनीत फरक पडणार नव्हता. प्राचार्यांच्या खुर्चीला दुसऱ्याच माणसाच्या आकाराचा खळगा पडून वर्षं झाली होती. राहता राहिलं दार. गुरुवारी निरोपसमारंभ आटोपला की कॉलेजातला सगळा स्टाफ घरी चहाला येणार, जिना चढून दमणार, बेल दाबणार, आणि आतून कुणी येईपर्यंत जो वेळ जातो त्यात माणूस दुसरं काय करतो? पाटी वाचतो. तेवढ्या वेळासाठी थोरले आयुष्यभराची अब्रू पणाला लावायला निघाले होते आणि त्यांच्या मते सौदा स्वस्तातला होता.

पाटी पितळेची. तिच्यावर फक्त घराचं आडनाव, आणि तेही मधोमध नाही, उजवीकडे सरकलेलं. डावीकडे एक अक्षर आणि एक टिंब मावेल एवढी कोरी जागा. नवखा माणूस ती वाचताना मान किंचित तिरकी करतो. त्याला वाटतं खिळा निसटलाय. धाकटी जाऊ, म्हणजे थोरल्यांच्या धाकट्या भावाची बायको, दर आठवड्याला पाटी घासते. अक्षरांच्या खाचांत पूड अडकते, कोऱ्या जागेत अडकायला काही नाही, त्यामुळे सगळ्यात लख्ख चमकते ती नेमकी तीच जागा.

ही चूक बाबांची, म्हणजे थोरले, आत्या आणि धाकटा या तिघांच्या वडिलांची. दुसऱ्या कुठल्या घरात ती झालीच नसती. खाली पाट्या कोरायचा कारखाना, वर घर. बाबांचा धंद्यातला एकच नियम होता: कागद बघितल्याशिवाय पदवी कोरायची नाही. कारण एकदा एका घाईच्या गिऱ्हाइकानं निकालाआधीच नावापुढे 'वकील' कोरून घेतलं, निकाल लागला आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही. ती पाटी बाबांनी कारखान्याच्या भिंतीवर लावली. ती अजून तिथे आहे. पुढे थोरल्यांनी विद्यापीठात डॉक्टरेटसाठी नाव घातलं, घरातला पहिलाच पोरगा एवढा शिकलेला, आणि बाबांचा हात शिवशिवला. त्यांनी 'डॉ.'ला पुरेल एवढी जागा सोडून पाटी कोरली आणि दाराला ठोकली. नियम मोडला असं म्हणता येत नाही, अक्षर कोरलं नव्हतं. पाळला असंही म्हणता येत नाही, जागा सोडली होती. पुढे फक्त आडनाव का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, एकाच्या पदवीखाली सगळं घर उभं राहील.

प्रबंध काही पुरा झाला नाही. बाबा गेले. जागा राहिली. गल्ली मात्र बाबांचं ऐकून थोरल्यांना 'डॉक्टर' म्हणायला लागली होती, ती थांबली नाही. एकदा कोपऱ्यावरची नवी भाडेकरीण तापानं फणफणलेलं पोर घेऊन त्यांच्या दारात आली. थोरले बिचारे इतिहासाचे. पोराला खांद्यावर घेऊन खऱ्या डॉक्टरांपर्यंत चालत गेले, आणि वाटेत त्या बाईला आपण कोण ते सांगायचं त्यांना काही धाडस झालं नाही.

शनिवारी रंगारी दार रंगवायला आला म्हणून पाटी उतरवून खाली धाकट्याच्या बाकावर ठेवली होती. थोरले खाली आले ते हातात गुंडाळी घेऊन. कारखान्यात ते क्वचित येतात आणि आले की यंत्रावरच्या धुळीवर बोट फिरवून बघतात. या वेळी बोट फिरवलं नाही, त्यावरूनच धाकट्यानं ओळखलं की काम आहे.

कागद जाड होता. कडेनं सोनेरी वेल, खाली तीन सह्या, लाखेचा लाल शिक्का. नावात 'जागतिक' हा शब्द दोनदा येणाऱ्या एका संस्थेनं थोरल्यांना मानद डॉक्टरेट दिली होती. सोबत सोहळ्याचा फोटो. सोहळा हॉटेलच्या हॉलमध्ये झाला होता, त्याच दिवशी आणखी बऱ्याच जणांना पदवी मिळाली होती आणि झगे सगळ्यांना एकाच मापाचे दिल्यामुळे थोरल्यांच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. पदवीसाठी भरलेल्या वर्गणीचं त्यांनी सांगितलं नाही. धाकट्यानं विचारलं नाही.

"बाबांचा नियम काय?" थोरले म्हणाले. "कागद बघितल्याशिवाय कोरायचं नाही. हा घे कागद."

धाकटा पितळेशी जेवढं बोलतो तेवढं माणसांशी बोलत नाही. पितळेवर घाव बसला की बसला, माघार नाही, हे हातात मुरल्यामुळे तो बोलतानाही आधी नुसतं आखून घेतो, कोरत नाही. त्यानं कागद उजेडात धरला, परत दिला, आणि म्हणाला, "उद्या ताई येतेय. सगळे बसू."

भाऊ 'हो' म्हणाला असं थोरल्यांनी धरलं. भाऊ 'नाही' म्हणायला माणसं गोळा करतोय, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

ताई म्हणजे आत्या. तिचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे आणि जगात न बसणारा कपडाच नसतो अशी तिची श्रद्धा आहे. शिवण कुठे सोडायची आणि कुठे धरायची तेवढं कळलं पाहिजे. भावांची भांडणंही ती तशीच मिटवते, थोडं इथून आत, थोडं तिथून बाहेर. रविवारी जेवायला बसल्याबरोबर तिनं टेबलाभोवती एक नजर टाकली आणि माणसं दोन बाजूंना वाटून मोकळी झाली. दादांच्या बाजूला थोरली वहिनी, बायको म्हणून. धाकटा, भीड म्हणून. समोर एकटी धाकटी वहिनी. आणि मध्ये, पाण्याच्या तांब्याशेजारी, कुणाकडेच न बघता बसलेली धाकट्याची लेक, खडू.

खडू हे नाव थोरल्यांनीच ठेवलेलं. लहानपणी तिला घरी सांभाळायला कुणी नसलं की थोरले तिला कॉलेजात नेऊन मागच्या बाकावर बसवत, आणि तिथे बसून तिनं इतिहासाच्या तासांना मिळून किती खडू चघळले याची गणती नाही. आता तिशी उलटली तरी नाव चिकटलेलंच. गेल्या वर्षी तिला डॉक्टरेट मिळाली. खरी, प्रबंध लिहून, परीक्षकांसमोर उभं राहून मिळवलेली.

ती मिळाली तेव्हा घरात कुणी तोंड गोड केलं नाही. तसं ठरलं नव्हतं, पण थोरल्यांना काय वाटेल, असं प्रत्येकाला वाटलं आणि सगळ्यांनी मिळून आवाज खाली ठेवला. कागद कपाटात पांघरुणांच्या खाली गेला. धाकटीनं तो स्वतःच्या हातानं ठेवला होता, त्यामुळे तो कुठे आहे हे ती विसरू शकत नव्हती.

थोरल्यांनी आपला कागद टेबलावरून फिरवला. आत्यानं कौतुक केलं, कागदाच्या जाडीचं. धाकटीपाशी आला तेव्हा तिनं हात पुसायला वेळ घेतला.

"कागदच बघायचा असेल तर आमच्याकडेही एक आहे, भाऊजी," ती म्हणाली. "पांघरुणांखाली. त्याला सोनेरी वेल नाही, म्हणून कुणाला दिसला नसेल."

थोरले म्हणाले की पोरीचं कौतुक त्यांच्याइतकं कुणालाच नाही, तिला वाचायला कुणी शिकवलं? धाकटी म्हणाली, तेच तर, शिकवणाऱ्यानं एकदा तरी निकाल बघायचा. आत्यानं भाजीचं भांडं पुढे सरकवलं. ते कुणी घेतलं नाही. मग थोरले सरळ खडूकडे वळले. या घरात आता अधिकारी माणूस तीच, तिनंच सांगावं.

खडूनं कागद एका नजरेत वाचला होता. विषय नाही, प्रबंधाचं नाव नाही, परीक्षक कोण ते नाही. तिला फोटोतल्या बाह्याच जास्त दिसत होत्या. तिच्या तोंडी परीक्षेत एका परीक्षकानं असा प्रश्न विचारला होता की ती सरळ म्हणाली, मला माहीत नाही. त्या तीन शब्दांपायी तिला आणखी वर्षभर काम करावं लागलं. त्या दिवशी घरी येऊन तिनं ते पहिल्यांदा सांगितलं होतं ते काकांना, आणि काका म्हणाले होते, बरं केलंस.

"काका, यात लिहिलंय, अध्यापनातल्या प्रदीर्घ सेवेबद्दल," ती म्हणाली. "विद्यार्थी घडवल्याबद्दल. खालचा मजकूर अक्षर न् अक्षर खरा आहे."

"आणि?"

"वरचा शब्द तेवढा चुकलाय."

असं कुणी म्हणालं की थोरल्यांकडे एक वाक्य असे. ते त्यांनी याही वेळी काढलं. "मी तेव्हा प्रबंध सोडला नसता तर..."

हे वाक्य त्यांनी आजवर कधी पुरं केलं नव्हतं. पुरं करायची वेळच येत नसे. प्रत्येकजण त्याला आपापला शेवट जोडून मान खाली घालत असे. आत्या आपल्या लग्नाचा जोडत असे, धाकटा कारखान्याचा, धाकटी खडूच्या शिक्षणाचा. बाबांचे हात थरथरायला लागले आणि धंदा बसला, त्याच साली प्रबंध थांबला होता, एवढं सगळ्यांना माहीत होतं. बाकीचं त्या वाक्यानं केलं. घरातली पुढची खोली, रस्त्याकडच्या खिडकीची, मोठ्या टेबलाची, याच वाक्यावर आजवर थोरल्यांकडे राहिली होती. 'आत प्रबंध आहे' म्हणून तिथे पोरांना पळू देत नसत. प्रबंध गेला, खोली राहिली.

आताही माना खाली गेल्या. फक्त एक गेली नाही.

थोरली काकू, म्हणजे थोरल्यांची बायको, कोर्टात टंकलेखक होती. तिचं आयुष्य दुसऱ्यांची म्हणणी जशीच्या तशी, एक शब्द न वाढवता, कागदावर उतरवण्यात गेलं. स्वतःचं म्हणणं मांडायची तिला सवय नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या अर्धवट वाक्याचं भाडं तिलाही मिळत होतं. त्यागी माणसाची बायको म्हणून तिला कधी कुणी कारखान्यात मदतीला बोलावलं नाही. पण सकाळपासून तिला एकच चित्र दिसत होतं. गुरुवारी आपण दार उघडतोय, दाराला ते अक्षर आहे, आणि लोक हसून म्हणतायत, अभिनंदन. आणि आपण थँक्यू म्हणतोय.

"सोडला नव्हता यांनी," ती म्हणाली. कोर्टात वाचून दाखवावं तशा सपाट आवाजात. "जमला नाही. तिसरं प्रकरण मी चार-चार वेळा टाईप केलं. दर वेळी गाईड समासात तेच लिहायचे, यातून तुम्हाला काय म्हणायचंय? आणि यांना काय म्हणायचंय ते यांना सापडत नव्हतं. बाबांचं आजारपण नंतर आलं. न जमणं हा काही गुन्हा नाही. पण त्याचं बिल या तिघांच्या नावावर नको."

थोरल्यांनी चमचा ताटाच्या कडेला नीट आडवा ठेवला. ते उठले, जिना उतरले, आणि खालून कारखान्याच्या कडीचा आवाज आला.

या क्षणाची धाकटीनं किती वर्षं वाट बघितली असेल ते तीच जाणे. आला तेव्हा तिला त्यात काहीच चव लागली नाही. "जाऊबाई, एवढं सगळ्यांसमोर कशाला?" ती म्हणाली, आणि भाऊजींच्या अर्ध्या जेवलेल्या ताटावर तिनं दुसरं ताट पालथं घातलं. धाकटा पाणी प्यायला, प्यालेला पेला पुन्हा भरला, आणि तोही प्यायला. माझं लग्न मग कशावर झालं, असा प्रश्न आत्याच्या मनात आला आणि तिनं तो तिथेच दुमडून ठेवला.

टेबलावरची माणसं मघाच्या जागीच होती, बाजू मात्र राहिल्या नव्हत्या. मग आत्याला तिची शिवण सापडली.

तिनं तो मार्ग समजावून सांगितला. बाबांनी पाटीवर नाव कुणाचं कोरलं? कुणाचंच नाही. आडनाव कोरलं. का? तर घराला डॉक्टर हवा होता. मग घराला मिळाला की डॉक्टर. आडनाव तेच, कागद खरा, बाबांचा नियम शाबूत. धाकट्यानं उद्या 'डॉ.' कोरावं. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे ते कुणाचं. गुरुवारच्या पाहुण्यांना जे वाचायचं ते ते वाचतील. कुणी खोटं बोललं का? कुणीच नाही.

खोड काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच धाकटीला ती युक्ती आवडली नाही. माझ्या पोरीनं डोळे फोडले ते दुसऱ्याच्या दाराला टिकली लावायला का, असं ती पुटपुटली. पण खडू म्हणाली, "मला चालेल." आईकडे न बघता म्हणाली. तिला त्या मागच्या बाकाचं देणं होतं आणि ते कशानं फिटतं हे तिला आजवर कळलं नव्हतं. एका अक्षरानं फिटत असेल तर ते तिलाही स्वस्तच वाटलं.

खाली थोरले भावाच्या स्टुलावर बसले होते, 'वकील' लिहिलेल्या त्या बेवारस पाटीसमोर. सगळे एकामागून एक आत आले आणि यंत्रांच्या मधे जिथे जागा मिळेल तिथे उभे राहिले. आत्यानं आपला मार्ग पुन्हा एकदा मांडला, या वेळी जरा मऊ आवाजात. मांडत असताना थोरल्यांच्या चेहऱ्यात काहीतरी पेटलं, ते सगळ्यांना दिसलं. बुडत्याला काडी मिळते तेव्हा तो काडी कुणाची ते विचारत नाही.

थोरल्यांनी विचारलं. "खडू, तुला चालेल?"

"चालेल, काका."

"आणि टीप कुठे देणार?"

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती जमिनीकडे बघायला लागली.

"मी आयुष्यभर पोरांच्या वह्या याच एका गोष्टीवरून परत केल्या," थोरले म्हणाले. "दुसऱ्याचं वाक्य घेतलंत तर खाली त्याचं नाव द्या. तुझीही केली होती. दाराला खाली टीप कुठे असते?"

"मी देतेय ना पण."

"देणाऱ्यानं दिलं म्हणून घेणाऱ्याचं होत नाही." ते म्हणाले. वर जेवताना जे अर्धवट राहिलं होतं ते बहुधा आता पुरं करत होते, फक्त शेवट वेगळा होता. "तू परीक्षकांना 'मला माहीत नाही' म्हणालीस ना, ते माझ्याच्यानं झालं नाही. गाईड दर वेळी विचारायचे, आणि मी दर वेळी आणखी दहा पानं जोडायचो. माहीत नाही असं एक वाक्य लिहिलं असतं, तर तिथून पुढे काहीतरी शोधता आलं असतं. तुला पदवी त्या वाक्याची मिळाली. ती मी दाराला कशी लावू?"

थोरली काकू दारातच उभी होती, आत आली नव्हती.

गप्प बसलं की धाकट्याचे हात चालू होतात. त्यानं पाटी बाकावर सरळ केली, कोऱ्या जागेवर पांढऱ्या रंगाचा पातळ हात फिरवला, कोरायच्या आधी अक्षर आखून घ्यायला फिरवतात तसा, आणि गिऱ्हाइकाला विचारतो त्याच सुरात विचारलं, "दादा, मग तू आहेस काय?"

"म्हणजे?"

"गिऱ्हाईक आलं की मी विचारतो. पुढे काय लावायचं, कागद काय आहे."

थोरले म्हणाले, एम.ए.चा आहे, नेमणुकीचा आहे. कशाची नेमणूक, असं धाकट्यानं विचारलं. आणि मग दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले, कारण दोघांना एकदमच दिसलं. कॉलेजातल्या नोकरीचं सगळं आयुष्य, तासांमागून तास, पिढ्यांमागून पिढ्या, आणि दाराला त्यातलं काही नाही. डॉक्टरची जागा राखायच्या नादात प्राध्यापक कोरायचा राहूनच गेला होता.

"प्रा. तर काय, सगळेच लावतात," थोरले म्हणाले.

"सगळेच लावतात, दादा. तूच तेवढा लावला नाहीस," आत्या म्हणाली.

थोरल्यांचा शेवटचा विरोध नियमाला धरून होता. त्यांची पहिली नेमणूक अधिव्याख्याता अशी होती, तेव्हा काटेकोर बोलायचं तर तसंच लिहायला हवं. आत्या म्हणाली, एवढं मोठं माप बाबांनी घेतलेलं नाही, तेवढं जरा आत घे. यावर पहिली हसली ती दारातली थोरली काकू, आणि लगेच तिनं तोंडावर पदर धरला.

धाकट्यानं पांढऱ्या रंगावर बारीक पेन्सिलीनं आखलं. एक अक्षर, एक टिंब. मग छिन्नी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. "पत्र आण."

थोरल्यांना वाटलं गंमत करतोय. धाकटा गंमत करत नव्हता. म्हणाला, कालचा कागद बघूनही मी कोरलं नाही, दादा, आता नियम तो नियम. थोरले वर गेले आणि पुढच्या खोलीतल्या टेबलाच्या खणातून नेमणुकीचं पिवळं पडलेलं पत्र घेऊन आले. धाकट्यानं ते तारखेपासून सहीपर्यंत वाचलं. मग तो मान वर न करता म्हणाला, "खडू, तुझा कागदपण आण."

ती म्हणाली, राहू दे बाबा. माझं कुठे दार आहे? ते खरंच होतं. खरी पदवी तिच्याकडे, पण कॉलेजात ती तासांवर शिकवायची, जेवढे तास तेवढी नोकरी. स्टाफरूममध्ये तिच्या नावाचा कप्पासुद्धा नव्हता. पण धाकटी तोवर जिन्याच्या मध्यावर पोचली होती. पांघरुणं जमिनीवर पडल्याचा आवाज खालपर्यंत आला.

धाकट्यानं हात पुसले. दोनदा पुसले. कागद साधाच होता, पातळ, कडेला वेल नाही. तो त्यानं लेकीसमोर पहिल्यांदाच हातात घेतला, आणि वाचायला लागला तो मोठ्यानं, एकेका अक्षरावर थांबत, कोरताना थांबतो तसा. विद्यापीठाचं नाव. विभाग. मग प्रबंधाचं नाव: वजनमापांतील बदल आणि बाजारातील विश्वास. तिथे थांबला. पुन्हा वाचलं. म्हणाला, "म्हणजे माप बदललं की लोक भांडतात, ते?"

"साधारण तेच, बाबा."

"किती पानं?"

तिनं सांगितलं. त्यानं मान डोलावली, जसं एखाद्यानं किती पितळ लागलं ते सांगितल्यावर डोलावतो. मग एक नवी कोरी पाटी काढली आणि खडूचं पूर्ण नाव आखायला घेतलं, पुढे 'डॉ.' लावून, मधोमध.

दार नाही याचा निकाल थोरल्यांनी लावला. पुढची खोली तिला द्यायची असं ते म्हणाले; तसंही तिथे प्रबंध नाही हे आता सगळ्यांना कळलंच आहे. खोलीला दार आहे, दाराला पाटी लागेल. टेबल तिथेच राहू द्यावं, ते नीट लिहिणाऱ्याला चालतं, असंही म्हणाले. मग स्टुलावरून उठले आणि जाता जाता यंत्रावरच्या धुळीवर बोट फिरवून बघितलं.

गुरुवारी पाहुणे आले, दमले, बेल दाबली, पाटी वाचली. कुणाची मान तिरकी झाली नाही. नीट बघणाऱ्याला दिसलं असतं की पुढचं अक्षर जरासं चेपून बसवलंय: बाबांनी माप डॉक्टरचं घेतलं होतं, प्राध्यापक त्यात दाटीवाटीनं मावला. आत गेल्यावर पुढच्या खोलीच्या दारापाशी दोघं-तिघं थबकले आणि म्हणाले, अरे, डॉक्टर घरातच आहे की. थोरल्यांनी खडूला पुढे केलं आणि तिच्या प्रबंधाचं नाव सांगितलं. चुकलं नाही.

आता जमाखर्च. सोनेरी वेलाच्या कागदाचं काय झालं विचाराल, तर पांघरुणांखाली जागा रिकामी झालीच होती. आत्यानं आपली सगळ्यात सुबक शिवण फुकट घालवली, वर लग्नाचा तो दुमडलेला प्रश्न घरी घेऊन गेली. धाकट्याचा रविवार गेला आणि एक पत्रा पितळ. धाकटीचं भांडायचं हक्काचं कारण गेलं. ते ती हळूहळू दुसरं शोधेल. खडूला खोली मिळाली, पण मागच्या बाकाचं देणं होतं तसंच राहिलं, उलट वाढलं. थोरल्यांनी खोली दिली आणि ते अर्धवट वाक्य दिलं. त्याच्यावर घर इतकी वर्षं उभं होतं, आणि ते काढल्यावर काही पडलं नाही, हेच बहुधा त्यांना सगळ्यात महाग पडलं.

थोरल्या काकूला काय? एकदाच बोलली, त्याबद्दल अबोला. थोरले तिच्याशी बोलले ते पाहुणे जाऊन कपबश्या विसळायच्या राहिल्या होत्या तेव्हाच. ती विसळत होती, ते पुसत होते, आणि मधेच त्यांनी विचारलं, "चौथ्यांदा टाईप करताना तुला तरी पटलं होतं का, त्यात काय म्हणायचंय ते?"

तिनं खरं सांगायचं का नाही याचा विचार केला.

"टायपिंग पटलं होतं," ती म्हणाली.

थोरले हसले. हसताना बशी हातातून सुटली. फुटली ती तिच्या लग्नातली होती, आणि तुकडेही तिनंच वेचले.